मलबार हिल, १२ जानेवारी १९२५ : ज्या खुनाने होळकरांची गादी गेली

सूड आणि निषिद्ध प्रेम या दोन धाग्यांवर विणलेल्या कादंबऱ्या सध्या आवडीने वाचल्या जातात. त्यांत हमखास एक श्रीमंत, सर्वसत्ताधीश पुरुष असतो आणि त्याच्या तावडीतून निसटू पाहणारी स्त्री असते. असे कथानक मुंबईत शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडले. फरक एवढाच, की कादंबरीत अशा पुरुषाला शेवटी प्रेम लाभते. येथे तसे झाले नाही.

पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली ज्या हँगिंग गार्डनला जातात, त्याच टेकडीवरचा हा रस्ता. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. अब्दुल कादर बावला हा तरुण, धनाढ्य मेमन व्यापारी आपल्या मोटारीतून फेरफटका मारीत होता. सोबत मुमताज बेगम आणि व्यवस्थापक मॅथ्यू. मागून आलेल्या एका मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली. उतरलेल्या माणसांनी मुमताजला बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला, बावलावर गोळ्या झाडल्या आणि तिच्या चेहऱ्यावर धारदार शस्त्राने वार केले.

त्याच क्षणी गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे येऊन पोहोचले. त्यांपैकी लेफ्टनंट सेगर्ट याने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपले. त्यालाही गोळ्या लागल्या, पण मुमताज वाचली आणि काही हल्लेखोर जागीच हाती लागले. बावला मात्र त्याच रात्री मरण पावला. हे अधिकारी काही मिनिटे उशिरा आले असते, तर मुमताज कोठे नाहीशी झाली हे बहुधा कोणाला कळलेही नसते.

ही मुमताज कोण? इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्याजवळ ती सुमारे दहा वर्षे होती. तिच्या कथनानुसार तिला तेथे राहायचे नव्हते. तिने एका मुलीला जन्म दिला होता आणि त्या अर्भकाला दायांनी मारले, असा तिचा आरोप होता. मसुरीला नेले जात असताना दिल्लीत तिने पुढे जाण्यास नकार दिला आणि ती अमृतसरला गेली. तेथून काही काळाने मुंबईत आली आणि बावलाच्या आश्रयाला राहिली.

वृत्तपत्रांनी याला रंगेल प्रेमत्रिकोण बनविले. पण खटल्यातील साक्ष वाचताना दिसते ती वेगळीच गोष्ट: एका स्त्रीने ‘मी परत येणार नाही’ असे म्हटले, आणि त्या एका वाक्याची किंमत एका माणसाने प्राण देऊन व तिने आयुष्यभराच्या व्रणांनी चुकविली. ‘निषिद्ध’ काय होते, तर प्रेम नव्हे, तिचा नकार.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे चालला. आरोपींमधील बरेचजण इंदूर संस्थानाच्या सेवेतील होते. संस्थानी फौजेचे अधिकारी सरदार आनंदराव फणसे यांची बाजू मांडायला उभे होते बॅरिस्टर महंमद अली जिना! मे १९२५ मध्ये निकाल लागला. शफी अहमद, शामराव दिघे आणि पुष्पशील पोंडे या तिघांना फाशीची शिक्षा झाली. फणसे यांच्यासह इतर काहींना जन्मठेप. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागूनही उपयोग झाला नाही. पोंडे याचे मानसिक संतुलन ढळल्याने त्याचा फास टळला. उरलेले दोघे फासावर गेले.

न्यायमूर्तींनी एक गोष्ट स्पष्टपणे सूचित केली. हे आरोपी स्वतःच्या प्रेरणेने आले नव्हते, त्यांच्यामागे कोणीतरी होते, आणि या हल्ल्याच्या उगमासाठी इंदूरकडे पाहणे अवास्तव ठरणार नाही. मात्र महाराज आरोपी नव्हते. संस्थानिकाला ब्रिटिश हद्दीतील सामान्य न्यायालयासमोर उभे करता येत नसे. येथे खरा पेच होता.

पन्नास वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट फेअरला विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला, तेव्हा आयोग नेमला गेला. आयोगात मतभेद झाले, तरी सरकारने त्यांना पदच्युत केलेच. तो वाद इंग्रज अधिकारी विसरले नव्हते. म्हणून तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले: चौकशी आयोगाला सामोरे जा, किंवा गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्र यशवंतरावांच्या नावे राज्यत्याग केला. होळकरांच्या घराण्यात हे लागोपाठ दुसऱ्या पिढीत घडले. तुकोजींचे वडील शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये गादी सोडली होती.

याचा परिणाम विचित्र झाला. आयोग बसलाच नाही, त्यामुळे महाराजांचा सहभाग ना सिद्ध झाला, ना खोडला गेला. कटाच्या मुळाशी नेमके कोण होते, हे न्यायालयात कधीच ठरले नाही. दोन माणसे मात्र फासावर गेली होती.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला इतकी वाट पाहायचीही गरज भासली नाही. खुनाच्याच वर्षी, १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट याच घटनेवरून बेतला गेला. दिग्दर्शक होते होमी मास्टर.

तुकोजीरावांचे पुढे काय झाले? मार्च १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी अॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. तत्पूर्वी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेण्यात आले आणि तिचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवले गेले. या विवाहावर सनातन्यांनी काहूर माजविले. खरे ‘निषिद्ध प्रेम’ म्हणून वृत्तपत्रांनी तेव्हा हेच रंगविले. हे लग्न टिकले. तुकोजीराव १९७८ मध्ये पॅरिसला वारले.