भाड्याची वही

मामाच्या गिरणीत बेअरिंग गेलं की त्याला दोन माणसं लागायची. एक बेअरिंग आणून देणारा, तो इग्बो. दुसरा त्याचं बिल पास करणारा, तो योरुबा. पहिला तासाभरात माल दारात आणून टाकी, दुसरा निवांतपणे चष्मा पुसत त्या बिलात चुका शोधत बसे. "एकमेकांवाचून भागत नाही आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही," असं मामा सुट्टीत दादरला आला की सांगायचा. मुंबईच्या गिरणीत स्पिनिंग मास्तर होता तो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इकेजाला, लागोसच्या औद्योगिक वसाहतीत गेला. नायजेरियात तेव्हा तेलाचा पैसा खळखळत होता आणि तिथल्या कापड गिरण्यांना आपल्याकडची जाणती माणसं हवी होती.

पुढे मी प्लास्टिकच्या साचेकामाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत लागलो आणि नव्वदच्या दशकात मलाही तिकडे जावं लागलं. मामा तोवर परतला होता, पण त्याचे ते दोघे, बिलवाला आणि बेअरिंगवाला, मला वारशाने मिळाले. बिलवाले इजेबू-ओदेचे, निवृत्त हिशेबनीस. त्यांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो. बेअरिंगवाले न्नेवी गावचे. त्यांना सगळे ओगा म्हणत. ओगा म्हणजे मालक, उस्ताद. दोघेही गोष्टीवेल्हाळ. त्यांच्या देशाचा इतिहास मी पुस्तकांतून नंतर वाचला, आधी या दोघांकडून ऐकला, आणि तोही दोन वेगवेगळा.

बाबांचा इतिहास १८९२ पासून सुरू व्हायचा. किनाऱ्यावरचं लागोस आणि आतला मुलूख यांच्यामधल्या वाटा इजेबू योरुबांच्या ताब्यात होत्या. कुणाचा माल जाऊ द्यायचा, कुणाचा अडवायचा, हे ते ठरवत. इंग्रजांनी त्या वर्षी लढाई करून ती वाट मोकळी करून घेतली. "म्हणजे धंदा आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती," बाबा म्हणायचे. "मिशनऱ्यांच्या शाळा आमच्याकडे आधी आल्या, कोर्ट-कचेरी, छापखाने, वकिली, सगळं आधी आमच्याकडे. हे लोक आले नंतर, रेल्वेने."

हे लोक म्हणजे इग्बो. ते उशिरा आले हे खरं, पण आल्यावर झपाट्याने शिकले आणि लागोसभर पसरले. त्यांच्या गावाकडची जमीन माणसांच्या मानाने फारच थोडी, तेव्हा बाहेर पडण्यावाचून इलाज नव्हता. आझिकिवे या इग्बो पुढाऱ्याचं 'वेस्ट आफ्रिकन पायलट' हे दैनिक लागोसमधूनच निघे, आणि त्याला उत्तर द्यायला योरुबांच्या बाजूने 'डेली सर्व्हिस' होतं. १९४८ साली या दोन पत्रांत असं काही जुंपलं की दोन्हीकडच्या तरुणांनी बाजारातले कोयते विकत घेऊन टाकले. दंगल झाली नाही. बाबा तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होते. "कोयता घेतला होतात?" असं मी विचारलं तर म्हणाले, "दुकानात शिल्लकच नव्हता. आणि विकत होता कोण, तर इग्बो."

यातली चुरस सगळी वाईट होती असं मात्र मला वाटत नाही. पन्नासच्या दशकात प्रांतांना स्वतःचा कारभार मिळाला आणि काही वर्षं ही ईर्ष्या विटा-सिमेंटच्या कामी लागली. योरुबांच्या पश्चिम प्रांतात ओबाफेमी आवोलोवोंनी कोकोच्या पैशांतून १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. इग्बोंच्या पूर्व प्रांताने दोनच वर्षांनी तेच करून पाहिलं. पैसा पुरला नाही, बऱ्याच वर्गांना पुन्हा फी लावावी लागली, पण करून पाहिलं. पूर्वेने न्कालागूला सिमेंटचा कारखाना काढला, मग पश्चिमेचा एवेकोरोला निघाला. न्सुक्काला विद्यापीठ झालं, पाठोपाठ इफेला झालं. इबादानमध्ये पंचवीस मजल्यांहून उंच कोको हाऊस उभं राहिलं, तेव्हा ओगा तरुण होते; त्यांच्या वडिलांनी म्हणे ती इमारत केवळ 'खोटं बोलतात का' हे पाहायला इबादानचा प्रवास केला. शेजाऱ्याने बांधलं म्हणून आपण बांधायचं, या हट्टाने त्या दहा वर्षांत जेवढं उभं राहिलं तेवढं पुढे अब्जावधींच्या तेलानेही उभं केलं नाही.

उद्योग म्हणजे इग्बो, असं कुणी म्हटलं की बाबा ओदुतोलांचं नाव काढत. टिमोथी अडेओला ओदुतोला, इजेबू-ओदेचेच. व्यापारातून वर आले आणि गावात सायकलचे टायर-ट्यूब बनवू लागले. १९७१ मध्ये नायजेरियाच्या कारखानदारांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच. यावर ओगा बोटं मोडत लुई ओजुक्वूंचं नाव सांगत. न्नेवीचा माणूस, मालट्रकांच्या ताफ्यावर श्रीमंत झालेला, लागोसच्या शेअर बाजाराचा पहिला अध्यक्ष. नावांची ही भेंडी कितीही वेळ चालू शके. मला गंमत वाटायची ती ही, की दोघांचेही नायक मोठे झाले ते लागोसचं बंदर जवळ केल्यामुळे.

याच ओजुक्वूंचा मुलगा एमेका याने ३० मे १९६७ रोजी पूर्व प्रांताचं बियाफ्रा हे वेगळं राष्ट्र जाहीर केलं. त्याआधीच्या वर्षी उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या होत्या आणि लागोसमधलेही हजारो इग्बो दुकानांना कुलपं लावून गावाकडे गेले होते. त्यात ओगाही होते. नुकतीच त्यांची उमेदवारी संपून त्यांना स्वतःची पेढी मिळाली होती.

युद्ध तीस महिने चाललं. नाकेबंदीत सापडलेल्या बियाफ्रात आधी सुटे भाग संपले, मग औषधं, मग अन्न. ओगा उपासमारीबद्दल बोलत नसत. बोलत ते विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या 'रॅप' नावाच्या गटाबद्दल, ज्याने भंगारातून सुरुंग बनवले आणि रानात भट्ट्या लावून कच्च्या तेलाचं पेट्रोल केलं. "धूर फार यायचा, पण गाडी चालायची," हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. गाडी चालवून दाखवली, मग देश का चालवता आला नसता, असा काहीसा सूर. १५ जानेवारी १९७० ला शरणागतीच्या कागदावर सही झाली. रॅपमधले काही लोक पुढे एनुगूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत गेले. पण जिंकलेल्या देशाने त्या रानातल्या भट्ट्यांमधून काहीही उचललं नाही, आणि ही मला सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी उधळपट्टी वाटते.

मग वीस पौंड. हा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून लघवीला जाई, इतका तो नाजूक. युद्ध संपल्यावर बियाफ्रातल्या खातेदारांना, बँकेत शंभर असोत की लाख, सरसकट वीस पौंड देण्यात आले. संघराज्याचे अर्थमंत्री तेव्हा आवोलोवो, योरुबांचे सर्वमान्य नेते. बाबांचं म्हणणं, बुडालेल्या चलनाचा आणि जळालेल्या वह्यांचा हिशेब कोणता हिशेबनीस लावू शकला असता? ओगांचं म्हणणं, माझ्या खात्याचा हिशेब मला तोंडपाठ होता, विचारलं असतं तर सांगितला असता. २०१२ मध्ये कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं युद्धाच्या आठवणींचं पुस्तक आलं आणि हाच वाद देशभरच्या वर्तमानपत्रांत पुन्हा पेटला. युद्ध संपल्यावर दोन वर्षांत, १९७२ ला, परदेशी मालकीचे छोटे-मोठे धंदे नायजेरियन लोकांना विकण्याचा हुकूम निघाला. बेकऱ्या, धुलाईचे कारखाने, जाहिरात कंपन्या, बरंच काही. विकत घ्यायला ज्यांच्याकडे पैसे आणि बँकेत ओळख होती त्यांनी घेतलं. वीस पौंडवाले बघत राहिले. हे कुणी मुद्दाम जुळवून आणलं की नाही हे सोडून द्या. परिणाम व्हायचा तो झाला.

पण याच काळातली एक गोष्ट ओगा स्वतःहून सांगत. त्यांच्या जुन्या मालकाचं लागोसच्या याबा भागात दुमजली घर होतं. १९७० मध्ये घाबरत घाबरत तो मालक लागोसला परतला. घर शाबूत होतं. त्यात भाडेकरू होते आणि शेजारच्या योरुबा म्हाताऱ्याकडे एक वही होती. तीन वर्षांचं भाडं, दुरुस्तीचा खर्च वजा करून, महिनावार लिहिलेलं. म्हाताऱ्याने वही पुढे केली आणि पैसे मोजून दिले. नंतर लागोसमध्ये ही गोष्ट मी इतरांकडूनही ऐकली, घर वेगळं, गल्ली वेगळी. त्याच मालकाचं पोर्ट हारकोर्टचं घर मात्र गेलं. ते 'बेवारस मालमत्ता' म्हणून इतरांना वाटण्यात आलं होतं. आणि पोर्ट हारकोर्ट योरुबांचं नव्हे, ते पूर्वेतलंच, इग्बोंच्या शेजाऱ्यांचं. बाबांना ही गोष्ट फार आवडे. ती इग्बो माणसाच्या तोंडून ऐकायला मिळावी म्हणून ते ओगांना मुद्दाम कोचत.

वीस पौंडांतून परत उभं राहण्याचं जे इंजिन, ते म्हणजे उमेदवारी. इग्बा बोई. गावाकडचा बारा-पंधरा वर्षांचा पोरगा ओगाच्या घरी येतो, पाच-सात वर्षं राबतो, झाडलोट करतो, मग गल्ला सांभाळतो. पगार नाही, जेवण-राहणं मालकाचं. मुदत संपली की मालकाने त्याला भांडवल आणि जागा देऊन वेगळं लावून द्यायचं. आपल्याच गिऱ्हाइकांवर टपणारा स्पर्धक स्वतःच्या पैशाने उभा करायचा! योरुबांकडेही उमेदवारी आहे. शिंपी, सुतार, मेकॅनिक, सगळ्यांकडे. पण तिथे बहुधा शिकणारा उस्तादाला फी देतो, आणि शेवटी 'फ्रीडम'चा समारंभ होतो, दाखला मिळतो, नाचगाणं होतं. कौशल्य त्याचं, भांडवल ज्याचं त्याने बघावं. त्यासाठी 'अजो' आहे, आपल्या भिशीसारखीच, आणि ती चालवणाऱ्या बाजारातल्या बायका कुठल्याही बँकेला भारी. इग्बोंच्या व्यवस्थेला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. मुदत संपायच्या तोंडावर चोरीचा आळ घेऊन पोराला हाकलून देणारे ओगाही होते, आणि आमच्या ओगांवरही एकाने तसा ठपका ठेवला होता, हे बाबांनीच मला कानात सांगितलं.

न्नेवी मी पाहिलं ते या उमेदवारांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या काळात. नावाला बाजाराचं गाव. आत शिराल तर जिकडेतिकडे मोटारीचे सुटे भाग. १९८५ पर्यंत एक नायरा दिला तर डॉलर मिळून वर चिल्लर उरे. १९८७ मध्ये एका डॉलरला चार मोजावे लागू लागले. आयात करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. न्नेवीकरांनी आपल्या खपाचे नमुने पिशवीत घातले आणि ते तैवानला गेले, ज्यांच्याकडून माल घेत त्यांच्याचकडे. हे बनवायचं यंत्र द्या आणि शिकवायला माणूस द्या, म्हणाले. तैवानी कारागीर न्नेवीत येऊन राहिले. वीज बेभरवशाची, पाण्याचे नळ कोरडे, म्हणून प्रत्येक कारखान्याचा स्वतःचा जनरेटर आणि स्वतःची बोअर. मी यंत्र बसवत होतो तिथे डिझेलचा खर्च कच्च्या मालाच्या खर्चाशी स्पर्धा करत होता. फॅन बेल्ट, फिल्टर, बॅटऱ्या, ब्रेक पॅड. आणि बऱ्याच खोक्यांवर छापलेलं असे दुसऱ्याच देशाचं नाव. आबा शहरातल्या चांभारांचीही तीच तऱ्हा. बूट तिथले, आतला शिक्का इटलीचा. 'आबामेड' हा लागोसमध्ये टिंगलीचा शब्द होता. टिंगल करणारे तेच बूट घालून हसत.

सरकारी कारखानदारीचं वाटप वेगळ्या सूत्राने झालं. फोक्सवॅगन लागोसच्या ओजोला, लेलँड इबादानला, प्युजो कडुनाला, मर्सिडीजचे ट्रक एनुगूला. प्रत्येक प्रांताला एक एक, कुणी रुसायला नको. कुणालाच पुरेसं गिऱ्हाईक उरलं नाही आणि सुट्या पेट्या जहाजातून येऊन जोडल्या जात राहिल्या. मग जपानी-युरोपी जुन्या गाड्यांचा लोंढा आला. टायरवाल्या मिशेलिनने २००७ मध्ये पोर्ट हारकोर्टचं उत्पादन थांबवलं, पाठोपाठ डनलॉपने इकेजाचं. एक कारखाना इकडचा, एक तिकडचा, दोन्ही बंद; यावर मात्र वर्तमानपत्रांत कुणाची जुंपली नाही. मामाची गिरणी त्याआधीच गेली होती.

भांडण उरलं ते बाजारात. इकेजाच्या कॉम्प्युटर व्हिलेजमध्ये बहुसंख्य दुकानदार इग्बो; २०१९ मध्ये तिथे योरुबा प्रथेप्रमाणे 'इयालोजा', म्हणजे बाजाराची प्रमुख बाई, नेमली तेव्हा व्यापाऱ्यांनी निषेध केला. २०१५ मध्ये लागोसच्या ओबांनी, तिथल्या पारंपरिक राजांनी, आपल्या उमेदवाराला मत न देणाऱ्या इग्बोंना खाडी दाखवली होती. २०२३ च्या निवडणुकीत मतदानकेंद्रांवर लोकांना चेहऱ्यावरून अडवलं गेलं. ओगांचा मुलगा त्या दिवशी दुकान उघडायला गेला नाही, एवढंच फोनवर म्हणाला. या शहरात तो जन्मला, योरुबा त्याला इग्बोपेक्षा बरी येते.

दोघा म्हाताऱ्यांना मी एकत्र शेवटचं पाहिलं ते त्याच्या कितीतरी आधी, २०१० नंतर लवकरच. त्या वर्षी न्नेवीत इनोसनचा मोटार कारखाना सुरू झाला होता. मालक इनोसंट चुक्वूमा. सुरुवात मोटारसायकलच्या सुट्या भागांपासून. अख्ख्या मोटारसायकलींऐवजी सुटे भाग आणले तर एका कंटेनरमध्ये कितीतरी जास्त मावतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी इथे जोडून स्वस्त विकल्या. (त्या बाजारावर पुढे आमच्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर स्वार झाली. त्यावर ओगांनी मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.) ओगांच्या दारात इनोसनची नवी गाडी उभी होती. बाबांनी काठी टेकत तिला एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं.

"इंजिन कुठलं?"

"बाहेरचं," ओगा म्हणाले. "ओजोच्या फोक्सवॅगनचं कुठलं होतं? तेव्हा नाही कुणी विचारलंत."

"माझा धाकटा भाऊ होता तिथे," बाबा म्हणाले. "विचारत होतो की. दर वर्षी विचारत होतो. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी."