शाळेची वाट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

परवा नातीला शाळेत सोडायला गेलो होतो. शाळा घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर. पण त्यातली पाच मिनिटं एक रस्ता ओलांडण्यातच गेली. तिचं बोट घट्ट धरून उभा होतो आणि मला हॉलंड आठवलं.

सायकलींचा देश म्हणून आपण हॉलंडचं कौतुक करतो, जणू तो तिथल्या लोकांचा उपजत गुणच! पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं दगावली. त्यात चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्यातलीच. शाळेला जाताना गेली. १९७२ मध्ये या बापानं 'दे टाइट' या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. डच माणसाला या शब्दानं बायबलमधला हेरॉद राजा आठवतो. आपल्याला कंस आठवावा, तसाच. पालकांनी एकत्र यावं, असं त्यानं लिहिलं, आणि त्या मथळ्याच्याच नावाची चळवळ उभी राहिली.

त्याच सुमारास ॲमस्टरडॅममधल्या द पाइप या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत शाळकरी पोरांनीच अडथळे लावून गल्ली बंद केली. संतापलेले मोटारवाले उतरून अडथळे हटवू लागले. ही झटापट दूरचित्रवाणीवर देशानं पाहिली. मला या कथेतली ही पोरं सर्वांत आवडतात. मोठ्यांच्या परवानगीसाठी ती थांबली नाहीत.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद राहिल्या आणि मोकळ्या हमरस्त्यांवर माणसं पायी फिरली. सरकारलाही तेल वाचवायचं होतं, हे विसरून चालणार नाही. नुसत्या करुणेनं रस्ते बदलत नसतात.

डेल्फ्ट शहरात 'वोनएर्फ' आधीच सुरू झाले होते. शब्दाचा अर्थ साधारण 'राहतं अंगण'. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर, मध्ये झाडं, बाकं, मुद्दाम काढलेली वळणं. मोटारीला बंदी नाही, मात्र तिनं माणसाच्या चालीनं जायचं. १९७६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. २०१० साली तिथे रस्त्यांवर दगावलेल्या मुलांची संख्या १४ होती.

आम्ही पलीकडे पोचलो, तेव्हा शाळेत प्रार्थना सुरू झाली होती.