जागा एक, उतारू दोन

विमानात जितक्या जागा असतील त्यांहून अधिक आरक्षणे स्वीकारण्याचा प्रघात अमेरिकेतील विमान कंपन्यांनी पाडला तो निव्वळ लोभापायी, असे म्हणणे अन्यायाचे होईल; कारण आरक्षण करूनही ऐनवेळी न फिरकणाऱ्या उतारूस त्या काळी बहुधा कसलाच भुर्दंड पडत नसे, आणि विमान उडाल्यावर त्यातील रिकाम्या आसनाचे मोल शून्य होई. परंतु हा सारा हिशेब कंपनीच्या दफ्तरातच राही. ज्याच्या हाती पक्के तिकीट पडले होते त्याला त्याचा सुगावाही लागू दिला जात नसे, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरा अपराध तोच होय.

२८ एप्रिल १९७२ रोजी ग्राहकहिताचे प्रख्यात कैवारी राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफोर्ड येथील सभेस निघाले असता, अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सच्या ज्या विमानात त्यांची जागा मुक्रर झाली होती त्यात त्यांना प्रवेश मिळाला नाही. शंभर जागांसाठी १०७ आरक्षणे कायम केलेली होती. कंपनीने देऊ केलेली रक्कम नाकारून त्यांनी दावा गुदरला, आणि खालच्या न्यायालयाने प्रत्यक्ष नुकसानीपोटी केवळ १० डॉलर, तर कंपनीला शासन म्हणून २५,००० डॉलर त्यांना देवविले. अपिलात हा निवाडा टिकला नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. हवाई कंपन्यांच्या फसव्या व्यवहारांची चौकशी करण्याचा अखत्यार सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाला असल्याने त्याचा निर्णय आधी व्हावा, अशी कंपनीची कैफियत होती. परंतु १९७६ मध्ये न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालपत्राने ती फेटाळली, आणि वस्तुस्थिती दडवून दिशाभूल केल्याबद्दल दाद मागण्यास उतारूला न्यायालयाचे दार मोकळे ठेवले. स्वतः नेडर यांच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. फेरसुनावणीत मिळालेली दंडात्मक भरपाई १९८० मध्ये अपिलात रद्द झाली.

तथापि उतारूला बळाने मागे ठेवण्याऐवजी त्याची संमती विकत घ्यावी, ही तजवीज ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडली होती. किती मोबदल्यात आपण पुढच्या विमानापर्यंत थांबू, ते प्रत्येकाने लिहून बंद लिफाफ्यात द्यावे व सर्वांत कमी मागणाऱ्याने मागे राहावे, इतकी ती सोपी होती. कंपन्यांनी तिला दाद दिली नाही. पुढे आल्फ्रेड काह्न यांच्या अध्यक्षतेखाली त्याच बोर्डाने १९७८ मध्ये स्वखुशीने थांबणाऱ्यांना आधी विचारण्याचा नियम केला, तेव्हा सायमन यांच्या तत्त्वाला राजमान्यता लाभली. ज्याला घाई नाही त्याने मोबदला घेऊन थांबावे आणि ज्याचा आप्त मृत्युशय्येवर आहे त्याने वेळेवर पोहोचावे, ही वाटणी कोणत्याही अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा मला अधिक न्याय्य वाटते.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये असेच नियम केले. २०१६ च्या सुधारणेनुसार, चोवीस तासांच्या आत दुसरे विमान न दिल्यास मूळ एकमार्गी भाड्याची चौपट व इंधन आकार एवढी भरपाई ठरली, पण तिला २०,००० रुपयांची मर्यादा घातली. ज्याची हानी याहून मोठी आहे त्याच्यापुढे नेडर यांचाच प्रश्न उभा राहतो: नियामकाच्या नियमाने न्यायासनाकडे जाण्याचा हक्क संपतो काय? आपल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमाने, आणि २०१९ च्या कायद्याच्या शंभराव्या कलमाने, ग्राहकाचे हे उपाय अन्य कायद्यांना पूरक आहेत, त्यांना बाध आणणारे नाहीत, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे.