हॉकीचा जमाखर्च

खेळावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना गोल, पदके आणि विक्रम यांची अपेक्षा असते. आज आम्ही बोलणार आहोत ते पैशाविषयी. हॉकीचे मैदान कोणाच्या पैशाने उभे राहते, खेळाडूच्या घरची चूल कोणाच्या पैशाने पेटते आणि या दोन्ही खर्चांची नोंद कोणाच्या वहीत होते, एवढाच आमचा विषय आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हॉकीत कशाला डोकवावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. शाळेचे तोंड आम्ही फारसे पाहिले नाही. ताळेबंद वाचायला आम्हाला शिकविले ते बोनसच्या वाटाघाटींनी. धंदा समजून घ्यायचा तर त्याच्या जाहिराती बाजूला ठेवून पगारपत्रक मागावे, हा त्या शाळेतला पहिला धडा होता. हॉकीचा इतिहासही तसाच वाचावा असे आम्हाला वाटते.

आपला जिल्हा या विषयाला परका नाही. नगरच्या छावणीमुळे शिपायाचा पगार आपल्याला ठाऊक आहे. साखर कारखान्यांमुळे कायम कामगार कोण आणि हंगामी कोण, हा भेद आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही कळतो. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोडणी मजुरांमुळे आधी उचल आणि मग काम, हा व्यवहारही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. हिंदी हॉकीचा खेळाडू गेल्या शंभर वर्षांत याच वाटेने गेला. तो आधी शिपाई होता, मग कायम नोकर झाला आणि आता हंगामी झाला आहे.

हॉकी आपल्याकडे आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईत आगाखान चषकाचे सामने 1896 साली सुरू झाले. त्या काळी खेळाडूला हॉकीबद्दल पगार देण्याचा प्रश्नच कोणी काढला नाही. ध्यानचंद 1922 साली साधा शिपाई म्हणून लष्करात लागले आणि 1956 साली मेजर होऊन निवृत्त झाले. त्यांच्या घरात जो पैसा येई तो बंदुकीचा पैसा होता, हॉकीचा नव्हे.

1928 साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकला संघ निघाला, तेव्हाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पैसे इतके कमी पडले की दोन खेळाडूंना मागे ठेवण्याची पाळी आली होती. बंगालने हात पुढे केला म्हणून ते बोटीत चढू शकले. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने या संघाला 3-2 असे हरविले होते, आणि मुंबई बंदरावर निरोप द्यायला अवघी तीन माणसे आली होती. हाच संघ सुवर्णपदक घेऊन परतला तेव्हा त्याच बंदरात माणूस मावेना. 1932 साली लॉस एंजेलिसला जाताना संघटनेने कर्ज काढले, आणि खेळाडूंनी वाटेत व परतताना प्रदर्शनीय सामने खेळून खर्चाची तोंडमिळवणी केली. म्हणजे देशासाठी पदक आणायचे आणि ते आणण्याचा प्रवासखर्चही आपणच मैदानात घाम गाळून फेडायचा!

याला त्या वेळी ‘हौशी खेळ’ असे गोड नाव होते. हौस हा शब्द पोट भरलेल्या माणसाला शोभतो. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, त्याला हौशी राहणे परवडते. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची चिंता आहे, त्याला तोच नियम दार बंद करून घेतो. ध्यानचंदांना लष्कराने पोसले म्हणून ते घडले. आणि 1979 साली दिल्लीच्या रुग्णालयातील सामान्य कक्षात त्यांचा अंत झाला, हेही त्याच हिशेबाचे शेवटचे पान आहे.

स्वातंत्र्यानंतर दुसरी अवस्था आली. रेल्वे, टाटा, महिंद्र, विमान कंपन्या, पोलीस आणि बँका यांनी आपापले संघ बांधले. या व्यवस्थेची घडण समजून घेण्यासारखी आहे. खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर कारकून किंवा कामगार म्हणून लागे. सामन्याचा दिवस हजेरीत भरला जाई. महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा हे सारे त्याला इतरांप्रमाणेच मिळे. गुडघा दुखावला तर खेळ सुटे, पण नोकरी सुटत नसे. पगार डोळे दिपविणारा नव्हता. परंतु तो तीस वर्षे चाले आणि त्यावर मुलांची शिक्षणे होत.

या व्यवस्थेतून वर आलेले सर्वांत मोठे नाव धनराज पिल्ले यांचे. त्यांचा जन्म 1968 सालचा, खडकीचा. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत ते वाढले आणि त्यांचे वडील मैदानाची राखण करीत. मुंबईत महिंद्रच्या संघाने त्यांना आधार दिला. मैदान राखणाराच्या घरातून मैदान गाजविणारा निघाला, यात हजेरीपटाचा वाटा मोठा आहे, हे आपण विसरू नये.

मात्र तेवढ्यात मैदानच महाग झाले. 1976 साली माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला जगज्जेता ठरलेला आपला संघ तेथे सातव्या क्रमांकावर घसरला. 1981-82 मध्ये मुंबईत चर्चगेटजवळच्या मैदानावर विश्वचषकाचे सामने झाले, ते मात्र अजून खऱ्या गवतावरच. माती सपाट करायला फावडे आणि रोलर पुरत होता. गालिचा परदेशातून येतो, काही वर्षांत झिजतो आणि पुन्हा नवा घालावा लागतो. शिवाय चेंडू नीट सरकावा म्हणून खेळापूर्वी त्यावर हजारो लिटर पाणी मारावे लागते. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे असले मैदान कोण करणार आणि कोणत्या तोंडाने? गावच्या शाळेतली हॉकी मागे पडली त्याला पोरांचा आळस कारण नाही. खेळाचे भांडवल एकदम वाढले आणि ते गावाच्या आवाक्याबाहेर गेले. छोट्या मागवाल्याचे यंत्रमागासमोर जे झाले तेच येथे झाले.

मैदानाला पैसा मिळू लागला तरी खेळाडूचा प्रश्न तसाच राहिला. 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज यांच्या नेतृत्वाखाली आपण सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लगेच ते आणि सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. त्यांना विश्रांती दिली, असे संघटनेचे म्हणणे. दौऱ्याचे पैसे मिळत नाहीत असे उघड बोलण्याची ही शिक्षा आहे, असे अनेकांना वाटले. कामगारांना ‘विश्रांती’ या शब्दाचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बारा वर्षांनी हा प्रश्न आपल्या शेजारी, पुण्यात, पुन्हा उभा राहिला. जानेवारी 2010. दिल्लीत विश्वचषक व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. सराव शिबिरात 22 खेळाडूंनी काम बंद केले. त्यांची मागणी माणशी सुमारे साडेचार लाख रुपयांच्या थकबाकीची होती. संघटनेने 25 हजार रुपये पुढे केले आणि 48 तासांची मुदत देऊन, कामावर या नाहीतर दुसरा संघ निवडू, असे बजाविले. राजपाल सिंग या कर्णधारासह सारे एकत्र राहिले. एकही फुटला नाही. देशभर ओरड झाली. पुरस्कर्त्या कंपनीने एक कोटी रुपये मोकळे केले आणि 13 जानेवारीला खेळाडू मैदानात उतरले. त्याच सुमारास भोपाळच्या शिबिरात स्त्रियांच्या संघाने काळ्या फिती लावून सराव केला. त्यांचे दुःख पुरुषांहून मोठे होते, कारण त्यांच्याकडे वर्तमानपत्रांचे लक्षही उशिरा गेले.

या संपाला पुष्कळांनी देशद्रोह म्हटले. देशासाठी खेळताना पैसे मागता, असा त्यांचा सवाल. आम्ही उलट विचारतो: स्टेडियमचा कंत्राटदार देशासाठी सिमेंट ओततो तेव्हा त्याचे बिल कोणी अडविते काय? विमानाचे तिकीट देशभक्तीपोटी फुकट मिळते काय? सगळ्यांची बिले फेडून झाल्यावर ज्याचे उरते, तोच देशभक्त ठरतो, आणि तो नेहमी खेळाडू असतो. तथापि या संपाची एक उणीवही सांगितली पाहिजे. पैसे मिळताच एकजूट विरली. मागे कायमची संघटना राहिली नाही, लेखी करार राहिला नाही. पुढच्या खेळाडूच्या हाती काय पडेल, हे पुन्हा देणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

मग लिलावाचे युग आले. 2012 साली एक मालिका झाली. त्यात ‘पुणे स्ट्रायकर्स’ आणि ‘मुंबई मरीन्स’ हे आपल्याकडचे संघ होते. तिचा दुसरा हंगाम कधीच झाला नाही. जानेवारी 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग निघाली. मुंबईचा संघ तीत होता आणि पहिल्या वर्षी तळाला राहिला. 2017 नंतर ही लीगही थांबली. खेळाडूने या पैशावर घराचे हप्ते बांधले असतील तर त्याने सात वर्षे काय करावे? 28 डिसेंबर 2024 रोजी ती पुन्हा सुरू झाली. सामने राउरकेला आणि रांची येथे झाले. पुरुषांचे आठ संघ होते. त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

आता आकडे पाहू. पुरुषांच्या प्रत्येक संघाला 24 खेळाडूंसाठी 4 कोटी रुपयांची मर्यादा होती, स्त्रियांच्या संघाला 2 कोटींची. सरासरी काढली तर पुरुष खेळाडूच्या वाट्याला 16-17 लाख येतात. प्रत्यक्षात कर्णधार हरमनप्रीत सिंग यांना 78 लाख मिळाले, म्हणजे चोवीस जणांच्या ताटातला जवळजवळ पाचवा भाग. बोलीची सर्वांत खालची पायरी 2 लाखांची होती. हरमनप्रीत यांचा पैसा त्यांच्या गुणाचाच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्याच हंगामातल्या क्रिकेटच्या आयपीएल लिलावात एका संघाची मर्यादा 120 कोटी होती, म्हणजे हॉकीच्या तीसपट. त्या मानाने ते तर स्वस्तच पडले. आमचा मुद्दा दोन लाखवाल्याचा आहे. गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला निदान रिटेन्शनचा पगार तरी असतो. तो लढून मिळविलेला आहे. हॉकीच्या हंगामी खेळाडूला हंगामाबाहेर काय आहे? सरकारी वा रेल्वेची नोकरी असली तर ठीक. नसली तर काहीच नाही. लिलावाचा पैसा ही एका अर्थी उचल आहे, आणि उचलीची मौज मुकादमाच्या दारातून बाहेर पडेपर्यंतच असते.

याहून वेगळे घडू शकते काय? त्यासाठी थोडे दूर, कॅनडा व अमेरिकेत जाऊ. तेथे बर्फावर, रबराच्या चकतीने खेळतात तिलाही हॉकीच म्हणतात आणि तिची नॅशनल हॉकी लीग 1917 पासून चालू आहे. 1957 साली डेट्रॉइटचा टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना काढली. त्याच वर्षी तो भरात असताना मालकांनी त्याला शिकागोच्या संघाकडे धाडून दिले. संघटना मोडली, पण 1967 साली पुन्हा उभी राहिली आणि टिकली. कोणाला किती पगार, हे खेळाडू पूर्वी एकमेकांपासूनही लपवीत. 1990 च्या सुमारास संघटनेने सर्वांचे पगार उघड केले आणि ते वेगाने वाढले. आपल्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस किती मिळवितो हे कळण्यात केवढी शक्ती आहे, ते यावरून दिसते.

मालकांनीही हत्यार उपसले. 2004-05 चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत गेला. अखेर खेळाडूंनी चालू करारांत 24 टक्के कपात सोसली आणि प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला 3 कोटी 90 लाख डॉलरची कमाल मर्यादा पडली. बदल्यात ती मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधली गेली. 2013 पासून खेळातल्या उत्पन्नाची वाटणी मालक आणि खेळाडू यांच्यात निम्मीनिम्मी ठरली. ही पूर्ण जीत नव्हे. परंतु उत्पन्न किती, हे मालकाला टेबलावर मांडावे लागते, हीच मोठी मिळकत आहे.

आमच्या मंडळींना झोंबणारी एक गोष्ट येथे लपविणे बरे नाही. त्या संघटनेचा पहिला पुढारी ॲलन ईगलसन हा चोवीस-पंचवीस वर्षे गादीवर होता. 1998 साली फसवणुकीचा गुन्हा कबूल करून तो तुरुंगात गेला. मालकाचा हिशेब मागणाऱ्या युनियनने आपलाही हिशेब दरसाल सभासदांपुढे ठेवला पाहिजे.

आणि मैदान? क्वेबेक शहराचा संघ 1995 साली मालकाने विकला आणि तो डेन्व्हरला गेला. संघ परत यावा म्हणून त्या शहराने आणि प्रांताने लोकांच्या कराच्या पैशातून सुमारे 37 कोटी कॅनेडियन डॉलरचे नवे क्रीडागृह बांधले. ते 2015 साली उघडले. त्यानंतरच्या दहा वर्षांतही लीगचा संघ तेथे आला नाही. घर बांधून झाले, नवरदेवाचा पत्ता नाही. संघ खाजगी, मैदान सार्वजनिक. नफा त्यांचा, देखभाल आपली, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडेही मोठी मैदाने सरकार आणि महापालिकाच बांधतात. म्हणून हा दूरचा दाखला जवळचा समजावा.

श्रोतेहो, मैदानाचा खर्च आणि माणसाचा पगार हे जमाखर्चाचे दोन रकाने आहेत. शंभर वर्षांत पहिला रकाना ठळक शाईने लिहिला गेला आणि दुसरा कधी लष्कराच्या, कधी कंपनीच्या, कधी लिलावदाराच्या वहीत ढकलला गेला. उद्या आपल्या जिल्ह्यात एखादे नवे मैदान व्हायचे असेल, एखादी लीग यायची असेल, तर नगरकरांनी टाळ्या वाजविण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा आणि नफा कोणाचा? वर्षातले किती दिवस ते मैदान शाळेच्या पोरांना मोकळे राहणार? सर्वांत कमी पैसे घेणाऱ्या खेळाडूला काय मिळणार आणि हंगामानंतर त्याचे काय? हिशेबाची वही कोणाला पाहता येणार? हे विचारायला हॉकी खेळता यावी लागत नाही. तिकीट आपण काढतो, कर आपण भरतो आणि मैदानावर उतरणारी मुले आपल्याच घरची असतात. तेव्हा वही मागण्याचा हक्क आपलाच आहे.