वहीत लिहिलेले सूर कोणाचे?

गाण्याचा वाद्यमेळ रचून देणे, ध्वनिमुद्रण करणे, मिक्सिंग करणे ही कामे संगीतकाराने स्नेह्यांना फुकट करून द्यावीत का, हा प्रश्न घरोघरी संगणकावर स्टुडिओ उभे राहिल्यापासून वारंवार निघतो. चर्चा बहुधा तासांचे मोल किती, एवढ्यावरच थांबते. आम्हांला मात्र अशा वेळी मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले गोवेकर संयोजक आठवतात. त्यांना पैसे मिळत होते. तरीही त्यांच्या कामातला मोलाचा भाग फुकटच गेला.

गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच शिकवले जाई. हे शिक्षण घेऊन अनेक जण मुंबईत आले, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागले आणि पुढे चित्रपटांकडे वळले. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. तिच्या आधी काय वाजेल, धृपद आणि अंतरा यांच्यामध्ये कोणते तुकडे येतील, गायिकेच्या सुरामागून व्हायोलिनची दुसरी सुरावट कशी वाहील, हे पुष्कळदा संयोजक ठरवी आणि प्रत्येक वाद्याची स्वतंत्र पाने लिहून काढी. आज आपण ज्या सुरांवरून गाणे पहिल्या दोन क्षणांत ओळखतो, ते सूर अनेकदा या पानांतून आलेले असत. श्रेयनामावलीत मात्र, झालाच तर, ‘सहायक’ एवढाच उल्लेख.

कायद्याची गंमत (गंमत कसली म्हणा!) आणखी वेगळी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ‘संगीतकृती’ म्हणजे लिहिलेले वा छापलेले संगीत, अशी व्याख्या केली होती. आता मुंबईच्या त्या खोल्यांत लिहीत कोण होते? बहुतेक संयोजकच! परंतु ती लेखणी मोबदल्यावर चालणारी मानली गेली. १९७७ साली तर सर्वोच्च न्यायालयाने, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा मालक निर्माताच ठरतो असा निर्णय दिल्याने खुद्द संगीतकारांचेही हात रिकामे राहिले. १९९४च्या दुरुस्तीने लेखनाची अट काढली. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क पक्का केला. ‘संयोजक’ असा स्वतंत्र हक्कदार त्यातही नाही.

म्हणून मित्रासाठी चार रात्री फुकट जागण्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. रात्री मोजता येतात. आपण रचलेला तुकडा कोणाच्या नावावर जाणार, हे मात्र त्या मैत्रीत विचारायचे राहून जाते, आणि मग ते कधीच विचारता येत नाही.

अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. आपल्या नावाने, आपल्या रचना. तो फार काळ टिकला नाही. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परतल्यावर माजोर्ड्याच्या घरी राहिले आणि जानेवारी २०१२मध्ये वारले. व्हायोलिनचे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभ बच्चन यांच्या तोंडी ते नाव ऐकून सारा देश हसला. या नावाचा कोणी खरा माणूस आहे, हे पुष्कळांना त्यांच्या मृत्यूच्या बातमीतूनच कळले.