हाइड पार्कचं गवत

२००३ सालची लंडनमधली युद्धविरोधी चळवळ म्हटली की मला आधी आठवतं हाइड पार्कचं गवत. इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध सभेसाठी मैदान मागितलं, तर सरकारनं आधी नकार दिला. हिवाळ्यात गवत खराब होईल, माणसांना इजा होईल म्हणे! बगदादच्या माणसांचं काय, ते कुणी बोललं नाही. ओरड झाल्यावर परवानगी मिळाली. १५ फेब्रुवारीला पोलिसांच्या हिशेबानं साडेसात लाख लोक आले. आयोजक वीस लाख सांगत. आयोजकांत अण्वस्त्रविरोधी जुनी मंडळी होती, डावे होते आणि तिथल्या मुसलमानांची एक संघटनाही. मुसलमान म्हणून मला याचंच अप्रूप. इराकचं दुःख एकट्या आमचं राहिलं नव्हतं.

१८ मार्चला पार्लमेंटात ब्लेअर यांच्याच पक्षाचे १३९ खासदार ‘युद्धाची गरज सिद्ध झालेली नाही’ या दुरुस्तीच्या बाजूनं गेले. दुरुस्ती फेटाळली गेली. दोन दिवसांत बॉम्ब पडू लागले.

लोक आता घरी बसतील, असं मला वाटलं होतं. पण २० नोव्हेंबरला, बुश लंडनमध्ये असताना, पोलिसांच्याच मोजणीनं लाखभर माणसं पुन्हा रस्त्यावर आली. वार गुरुवार, कामाचा. एप्रिलमध्ये बगदादला सद्दामचा पुतळा पाडला होता, तसाच ट्रफाल्गर चौकात त्यांनी बुश यांचा पाडला. तो कागदाच्या लगद्याचा होता.