बातमीची नजर आणि वस्त्राची शोभा

आपल्या कोष्टी समाजाने वस्त्र विणले; ते जगापुढे कसे मांडावे, याचा विचार मात्र थोडाच केला. म्हणून मार्टिन मुन्काचीची हकीकत आम्ही येथे देत आहो. १८९६ साली हंगेरीत जन्मलेला हा ज्यू गृहस्थ वृत्तपत्रांसाठी खेळांच्या सामन्यांची छायाचित्रे टिपीत असे. पुढे १९२८ साली तो बर्लिनला गेला. १९३३ साली अमेरिकेतील ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी त्याने पोहण्याच्या पोशाखातील तरुणीस समुद्रकिनारी चक्क धावावयास लावले! एरवी अशा चित्रांतील स्त्रिया बहुधा पुतळ्यासारख्या उभ्या असत. येथे वाऱ्यावर वस्त्र उडाले. धावता खेळाडू टिपणारी नजरच कामी आली. हिटलरी जर्मनी सोडून १९३४ साली तो न्यूयॉर्कवासी झाला. आमच्या आंधळगावचे कोशाचे लुगडे आम्ही तरी बहुधा घडीतच पाहिले आहे.